सूर्याची वीज आणि मागणीचे गणित

(व्याख्यानाचे शब्दांकन)



राजूरकरांना विजेची महती सांगण्याची आवश्यकता नाही. वणी तालुक्यातील या गावाच्या पोटात दगडी कोळसा आहे, भोवताली चुनखडी आहे. कॉलरी आणि चुनाभट्ट्या या दोहोंच्या आधाराने येथील बाजारपेठ वाढली. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा वीज केंद्रांकडे जात राहिला. जवळच चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याची आजची क्षमता २,९२० मेगावॉट. असे असूनही २००५ नंतरची काही वर्षे याच परिसराने तासन् तास भारनियमन सोसले. दुकानात गिऱ्हाईक बसलेले, कापडाचा तागा अर्धा उलगडलेला, आणि वीज गेलेली, हे दृश्य त्या काळी नित्याचे होते. दिव्याखाली अंधार ही म्हण विदर्भाने त्या वर्षांत अक्षरशः अनुभवली.

त्या काळी राज्यात मागणीच्या वेळी चार हजार मेगावॉटहून अधिक तूट पडत असे. तूट म्हटली की सर्वांचे लक्ष निर्मितीकडे जाते. आणखी केंद्रे उभारा, आणखी कोळसा काढा, अशी मागणी होते. ती चुकीची नाही. तथापि या तुटीला दुसरी बाजू आहे. वीज किती हवी याइतकेच ती केव्हा हवी याला महत्त्व आहे. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे, आणि तो समजून घेण्यासाठी मोठ्या वीज केंद्रापेक्षा डोंगरातील एखादी लहानशी वाडी अधिक उपयोगी पडते.

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या दुर्गम भागात दरेवाडी नावाची वस्ती आहे. उंबरठे सुमारे ३९. विजेचे खांब तेथवर पोहोचले नव्हते. २०१२ साली पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने बॉश कंपनीच्या अर्थसाहाय्याने तेथे ९.४ किलोवॉट क्षमतेचा सौर प्रकल्प उभारला. गावाच्या कडेला सौर पट्ट्या, शेजारी बॅटऱ्यांची खोली, तेथून गावभर तारा, घरोघरी मीटर. कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे. वसुली त्यांनी करावयाची, देखभालीचा पैसा त्यांनी साठवावयाचा. अशा स्वतंत्र, लहान जाळ्याला मायक्रोग्रिड म्हणतात.

आता या आकड्याचा हिशोब मांडून पाहावा. महाराष्ट्रात एक किलोवॉट सौर पट्टी वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. म्हणजे दरेवाडीच्या पट्ट्यांतून दिवसाकाठी सदतीस-अडतीस युनिट. ते ३९ घरांत वाटले तर घरटी एक युनिटही येत नाही, आणि त्यातून रस्त्यावरचे दिवे, पिठाची गिरणी व बॅटरीतील घट वजा व्हावयाची असते. एका घरात नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास लागले तर १३५ वॉट-तास होतात. साठ वॉटचा दूरचित्रवाणी संच तीन तास चालला तर १८०. मोबाईल धरून हा सर्व खर्च एक तृतीयांश युनिटच्या आसपास राहतो. येथवर सर्व सुखेनैव चालते. मग घरात छताचा पंखा येतो. जुन्या पद्धतीचा सत्तर वॉटचा पंखा रात्री आठ तास फिरला तर एकटाच ५६० वॉट-तास खातो; दिवे आणि दूरचित्रवाणी यांच्या बेरजेहून कितीतरी अधिक. नव्या पद्धतीच्या मोटरीचा, तीस वॉटचा पंखा तेच काम २४० मध्ये करतो. शहरात या दोन पंख्यांतला फरक वीजबिलात काही रुपयांनी कळतो आणि विसरला जातो. दरेवाडीसारख्या ठिकाणी मात्र तो फरक म्हणजे शेजाऱ्याच्या घरातील दिवा.

याहून कठीण प्रश्न इस्त्रीचा. एक हजार वॉटची इस्त्री पंधरा मिनिटे वापरली तर पाव युनिट जाते, फार नाही. परंतु दहा घरांनी एकाच वेळी इस्त्री लावली तर क्षणाची मागणी दहा किलोवॉट होते आणि संपूर्ण गावाची यंत्रणा बंद पडते. म्हणजे येथे दोन निरनिराळ्या मर्यादा आहेत. दिवसभरात एकूण किती घेतले ही एक, आणि एका क्षणी सर्वांनी मिळून किती ओढले ही दुसरी. पहिली मर्यादा गोदामातील मालाची, दुसरी गोदामाच्या दाराची. माल पुष्कळ असला तरी दारातून एका वेळी किती गाठोडी निघतील याला सीमा असतेच.

गोदामाचा हा दाखला बॅटरीला तंतोतंत लागू पडतो, आणि येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही रस वाटावा असा भाग सुरू होतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होतो. इंधनाचा खर्च शून्य. म्हणून दुपारी बारा वाजता पट्टीवरून थेट वापरलेले युनिट जवळजवळ फुकटचे असते. ते वापरले नाही आणि बॅटरीही भरलेली असली तर वाया जाते. तेच युनिट रात्री नऊ वाजता हवे असेल तर ते आधी बॅटरीत भरावे लागते, पुन्हा काढावे लागते. शिसे-आम्लाच्या बॅटरीत या ने-आणीत सुमारे पाचवा हिस्सा नष्ट होतो. शिवाय प्रत्येक वेळी बॅटरीचे आयुष्य झिजते. रोज निम्म्यापर्यंतच उपसली तर अशी बॅटरी चार-पाच वर्षे टिकते. रोज तळ गाठला तर दीड-दोन वर्षांत निकामी होते. तेव्हा दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट या नावाने सारख्या, पण भावाने निरनिराळ्या वस्तू आहेत. दिवाळीच्या आधीचा तागा आणि दिवाळीनंतरचा तागा यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

बॅटरीच्या घसाऱ्याची रक्कम दरमहा बाजूला काढणे हा या प्रकल्पांचा प्राण होय. कित्येक ठिकाणी पहिली तीन वर्षे प्रकल्प दिमाखात चालतो, छायाचित्रे निघतात, पाहुणे येतात. चौथ्या वर्षी बॅटरी बदलण्याची वेळ येते तेव्हा पेटी रिकामी असते. अनुदानाने यंत्र मिळते, घसारा निधी मात्र कोणी देणगीत देत नाही.

मग मागणी आवरावयाची कशी? उपाय अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक अगदी साधे आहेत. पिठाची गिरणी रात्री चालवावयाची नाही, सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच चालवावयाची. तीन अश्वशक्तीची गिरणी दोन तास चालली तर साडेचार युनिट लागतात; ती उन्हात दळली तर बॅटरीला हात लागत नाही. पाण्याच्या पंपाचेही तेच. टाकी ही खरे तर सर्वांत स्वस्त बॅटरी आहे. दुपारी उंचावर चढवलेले पाणी रात्री विनाविजेचे खाली येते. प्रत्येक घराला ठराविक मर्यादेची खटकी बसवता येते. त्याहून अधिक ओढले की केवळ त्याच घराची वीज तुटते, गावाची नाही. लग्नकार्याच्या वेळी आधी समितीला कळवावे आणि मंडपासाठी जनित्र भाड्याने आणावे, असा नियम करता येतो.

दर आकारण्याचा प्रश्न नाजूक आहे. काही ठिकाणी दर घरी सरसकट मासिक रक्कम घेतात. वसुलीला ते सोपे पडते. पण मग दोन दिवे जाळणारी विधवा आणि दिवसरात्र संच चालवणारा घरमालक सारखेच पैसे देतात, आणि ज्याला अधिक ओढता येते त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे मीटर थोडा महाग पडला तरी तोच न्याय्य. आगाऊ पैसे भरून वापरावयाचा मीटर तर त्याहून बरा; त्यात उधारी नाही आणि वसुलीवरून भांडण नाही. उधारीने गावातली किती दुकाने बसली हे येथे बसलेल्या मंडळींना अधिक ठाऊक आहे.

संध्याकाळच्या मागणीबाबत एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. वीज कंपन्यांना सर्वांत जड जाणारा काळ सूर्यास्तानंतरचा. स्वयंपाक, पंखे, दिवे, दूरचित्रवाणी सर्व एकदम सुरू होते. ज्या घरांत चौविहार पाळला जातो तेथे मिक्सर आणि पाण्याची मोटर दिवस मावळण्यापूर्वीच थांबलेली असते. हेतू अर्थात सर्वस्वी निराळा आहे आणि त्याची सांगड विजेशी घालण्याचे कारण नाही. पण वीज अभियंत्याने आखावे तसे हे वेळापत्रक बसते खरे.

परदेशातील एक उदाहरण पाहावे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचे बेट आहे, वस्ती शंभरेक. मुख्य भूमीवरून समुद्राखालून तार आणणे परवडणारे नव्हते. २००८ च्या फेब्रुवारीत तेथील लोकांनी पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारे स्वतःचे जाळे सुरू केले. नियम एकच: घराला एका वेळी कमाल पाच किलोवॉट, व्यवसायाला दहा. कोणी मर्यादा ओलांडली की त्याचा पुरवठा तुटतो आणि तो पुन्हा जोडून घेण्यासाठी शुल्क भरावे लागते. ऊन-पाणी कमी असले की लोकांना काटकसरीची सूचना दिली जाते. वीज जास्त झाली की ती गावाच्या सार्वजनिक सभागृहाला ऊब देण्यासाठी वापरतात. पाच किलोवॉट ही मर्यादा दरेवाडीच्या दृष्टीने राजेशाही थाटाची. पण तत्त्व तेच आहे. श्रीमंत देशातील सुशिक्षित माणसालाही खटकीची गरज लागते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी.

यशाबरोबर अपयशही पाहिले पाहिजे. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. तीस वर्षांहून अधिक काळ ते विजेविना होते. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस संस्थेने अन्य संस्थांच्या साहाय्याने तेथे १०० किलोवॉटचा सौर प्रकल्प सुरू केला. सुमारे ४५० घरे, २,४०० लोकसंख्या. देशभर त्याचा गाजावाजा झाला. उद्घाटनासाठी बिहारचे ज्येष्ठ नेते नितीशकुमार आले तेव्हा गावकऱ्यांपैकी काहींनी खरी वीज द्या, खोटी नको, अशा घोषणा दिल्या. खरी वीज म्हणजे सरकारी तारेतून येणारी. प्रकल्प चालवणाऱ्यांना त्या घोषणांनी वाईट वाटले असणार. परंतु गावकऱ्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. त्यांना सांगितले गेले होते की दिवा लावा, मोबाईल लावा, पंखा लावा. शीतपेटी लावू नका, मोठी उपकरणे लावू नका. पाटण्याच्या माणसाला हा नियम नाही. मग तो धरनईलाच का? त्यात दर सरकारी विजेपेक्षा अधिक. लोकांनी मर्यादा मोडली, जड उपकरणे लावली, बॅटऱ्या उपसल्या गेल्या. लवकरच गावात सरकारी रोहित्र आले आणि स्वस्त वीज मिळू लागली. बॅटऱ्या संपल्या त्या पुन्हा बदलल्या गेल्या नाहीत. काही वर्षांनी प्रकल्पाच्या आवारात गुरे बांधलेली आढळली, अशा बातम्या वृत्तपत्रांतून आल्या.

धरनईचा दोष सूर्याकडे जात नाही. केवळ गावकऱ्यांकडेही जात नाही. मागणी आवरा असे सांगणे आणि मागणीच नाकारणे यांत अंतर आहे. दरेवाडीत मीटर, दर आणि वेळ यांचा निर्णय गावाने आपसात केला. तेथे नियम बाहेरच्याने लादलेला नव्हता. नियम कोणाचा, यावर तो पाळला जाईल की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते. गरज वाढणार हेही धरूनच चालावे लागते. आज दिवा मागणारे घर पाच वर्षांनी शीतपेटी मागते, आणि त्यात काहीही गैर नाही. ते संसार सुधारल्याचे लक्षण होय. प्रकल्पाची आखणी करताना ही वाढ हिशोबात न धरणे हा दुकानदारीतलाही दोषच ठरतो.

२५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने सौभाग्य योजना जाहीर केली आणि घरोघरी वीजजोडणी देण्याचे काम वेगाने झाले. त्यामुळे पूर्णपणे स्वतंत्र अशा सौर जाळ्यांची गरज बरीच कमी झाली. मग हा विषय संपला काय? मुळीच नाही. तो वाडीतून शेतात गेला, आणि तेथे तो यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

महाराष्ट्रातील कृषिपंपांची संख्या ४५ लाखांच्या घरात आहे. वर्षानुवर्षे या पंपांना चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत गहू-हरभऱ्याचे ओलित करावयाचे तर कडाक्याच्या थंडीत रात्री दोन वाजता उठून वावरात जावे लागे. साप, विंचू, रानडुकरे हे नेहमीचे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. तेरा जणांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. त्या दिवसांत रात्रीच्या ओलिताला निघालेल्या माणसाच्या घरच्यांनी दिवस उजाडेपर्यंत काय काढले असेल याची कल्पना वणी-राजूर परिसराला सांगून द्यावी लागत नाही.

रात्री वीज देण्यामागे वीज कंपनीचा तर्क होता. रात्री शहरे झोपलेली, कारखान्यांची मागणी कमी, कोळशाचे केंद्र मात्र सहजासहजी बंद करता येत नाही; म्हणून ती वीज शेतीला. शेतकऱ्यांनी त्यावर स्वतःची तोड काढली: पंपाला ऑटोस्विच लावावयाचा आणि घरी झोपावयाचे. वीज आली की पंप आपोआप सुरू. पण मग एका डीपीवरचे सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. परिणामी डीपी जळतो आणि ऐन ओलिताच्या दिवसांत आठ-आठ दिवस सर्वांचेच पाणी थांबते. दरेवाडीतील दहा इस्त्र्यांचाच हा मोठा अवतार. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण दर हंगामात करीत आले. पण शेजारी काढत नाही तोवर आपण का काढावा, असा प्रत्येकाचा विचार.

भारनियमनाच्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश नावाची योजना आणली होती. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी गावाने स्वखुशीने पंप बंद ठेवावयाचे, त्याच्या मोबदल्यात घरांतील दिव्यांचा पुरवठा अखंड राहावयाचा. काही गावांनी ते पाळून दाखवले. मात्र एखाद्याने जरी गुपचूप पंप लावला तरी इतरांचा संयम फुकट जात असे, आणि यंत्राची खटकी येथे नव्हती. होती ती केवळ गावाची भीड. पुढे गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्याच वेगळ्या करण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

या पार्श्वभूमीवर १४ जून २०१७ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी दोन गावे निवडली गेली: एक राळेगणसिद्धी आणि दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी. कल्पना सुटसुटीत आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प, त्यावर शेतीची वाहिनी, आणि पंपांना दिवसा वीज. येथे बॅटरी नाही, कारण मागणीच उन्हाच्या वेळेत आणून बसवली आहे. ढगाळ दिवशी उपकेंद्राची वीज आहेच. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. २०२५ पर्यंत किमान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर विजेवर आणण्याचे उद्दिष्ट त्यात होते. शेतकऱ्याला यात युनिटच्या भावापेक्षाही रात्रीची झोप मिळते, हा लाभ कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

तथापि एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज देण्यात आली. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरे. पण ज्या वस्तूला भाव नाही तिचे माप कोणी ठेवीत नाही. वीज दिवसा, उन्हाची आणि फुकट अशी मिळाली तर पंप थांबवण्याचे कारण काय? सूर्य उद्या पुन्हा उगवेल, विहिरीतले पाणी उगवेलच असे नाही. ठिबक आणि पाळीपाळीने पंप चालवणे यांची जोड नसेल तर विजेची बचत होऊन पाण्याची उधळण व्हावी, असा धोका संभवतो.

घरगुती ग्राहकांच्या बाबतीतही काळ पालटला आहे. पूर्वी कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वीज वापरल्यास सवलत मिळे. सौर वीज वाढली तशी २०२५ च्या नव्या दररचनेत स्वस्ताईची वेळ रात्रीकडून दिवसाकडे सरकली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत लागू झाली. दरेवाडीच्या गिरणीला २०१२ साली जे गणित लागू होते तेच आता साऱ्या राज्याला लागू झाले आहे.

छतावर सौर पट्ट्या बसवण्याचा विचार अनेक घरे आणि संस्था करीत आहेत; फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानही आहे. पट्ट्या किती किलोवॉटच्या, हे विक्रेता सांगेलच. त्याला बोलावण्यापूर्वी एका वहीत घरातील वा वास्तूतील प्रत्येक उपकरण, त्याचे वॉट आणि ते चालण्याची वेळ एवढे आठवडाभर लिहून काढावे. बहुतेक ठिकाणी आढळेल की गच्चीवरची टाकी भरण्याचा पंप पहाटे पाच वाजता चालतो, कारण तो तसाच चालत आला आहे. तो सकाळी अकराला सुरू करण्यास काही खर्च येत नाही. फक्त टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवलेली असावी लागते.